तिसरे आठ तास आणि एक जुना कॅमेरा



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा संयोजकांची समजूत अशी होती, की मी कामगार कायद्यांवर बोलेन. गेली तीस-बत्तीस वर्षे मी दुसऱ्या कशावर बोललेलोच नाही, तेव्हा त्यांचा काही दोष नाही. मी छायाचित्रणावर बोलणार असे कळविले, त्यावर एका स्नेह्याने विचारले, "काय हो, निवृत्तीचे वेध लागले की काय?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्याचे उत्तर 'होय' असेच आहे. पुढील वर्षी मला अठ्ठावन्न पुरी होतात, आणि संघटनेचे चिटणीसपद तेव्हा सोडावे असे मी जवळजवळ ठरविले आहे. हे 'जवळजवळ' कशाने अडले होते आणि त्यात कॅमेऱ्याचा काय संबंध, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. मी धंद्याने छायाचित्रकार नाही. पंडित तर मुळीच नाही. दहावीला शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरातल्या पुस्तकांतून आणि भेटलेल्या माणसांकडून. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आठ तासांचा हिशेब

कामगार चळवळीत येणाऱ्या प्रत्येकाला पहिला धडा मिळतो तो आठ तासांचा. दिवसाचे तास चोवीस. त्यांचे तीन समान भाग करावयाचे. आठ तास काम, आठ तास झोप, आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे. इंग्लंडात रॉबर्ट ओवेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही मांडणी केली. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या कामगारांनी तिच्यासाठी रक्त सांडले. त्याची आठवण म्हणून आपण एक मे पाळतो. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निघाली, तेव्हा तिचा पहिलाच करार कामाच्या तासांविषयी होता. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात तर विश्रांती आणि फुरसत यांना चोविसाव्या कलमात हक्क म्हणून स्थान मिळाले.

हे सगळे मी शेकडो सभांतून सांगितले आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत. एकदा अशाच एका सभेहून रात्री अकरा वाजता घरी आलो. ताट झाकून ठेवले होते. पत्नी म्हणाली, "लोकांका सांगतास ता ऐकलंय मी. पण तुमचे ते तिसरे आठ तास गेले खंय?"

मी जेवलो आणि झोपलो. उत्तर नव्हते. दुसऱ्यांच्या फुरसतीसाठी भांडताना स्वतःची फुरसत कधी गेली हे कळलेच नाही, असे म्हणणे सोपे आहे. खरे सांगावयाचे तर मला फुरसतीची भीती वाटू लागली होती. चिटणीसपद सोडले, तर सोमवारी सकाळी उठून मी कोण, हा तो अडलेला प्रश्न होता.

ट्रंकेच्या तळाशी

संघटनेचे दप्तर नव्या माणसांच्या स्वाधीन करता यावे, म्हणून गेल्या वर्षी आरोंद्याच्या घरातील माळ्यावरच्या ट्रंका मी खाली उतरविल्या. पावती-पुस्तके, ठराव, निवाड्यांच्या नकला यांच्या तळाशी, बाबांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेला एक कॅमेरा निघाला. आग्फा क्लिक-थ्री. त्या काळी तो आपल्याकडे बडोद्यात तयार होत असे, आणि मध्यम वयाच्या पुष्कळ श्रोत्यांनी तो पाहिला असेल. शटरचा वेग एकच. बाकी 'ऊन' की 'ढग' एवढेच ठरवावयाचे. एका रोळात बारा चौकोनी फोटो.

बाबा मुंबईला गिरणीत विणकाम खात्यात होते. एका दिवाळीच्या बोनसातून त्यांनी हा कॅमेरा घेतला. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. वर्षभर वाट पाहून बाबा एक ट्रंक घेऊन गावी परतले, ते कायमचेच. मी तेव्हा चौदा वर्षांचा. हा कॅमेरा त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाराच आसत. जपान काढ."

त्या बारा फोटोंसाठी मी वर्षवर्ष पैसे साठवीत असे. सावंतवाडीला एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली पांढऱ्या कागदावर चित्र उमटताना प्रथम पाहिले, तेव्हा अंगावर काटा आला होता. तो मुलगा पुढे कोठे गेला हे सांगण्यापूर्वी, त्या खोलीत काय घडते ते थोडे समजावून घेऊ.

कवडसा म्हणजेच कॅमेरा

कॅमेरा ही परदेशी वस्तू खरी, पण तिचे तत्त्व आपल्या प्रत्येक कौलारू घरात आहे. दोन कौलांमधल्या फटीतून ऊन आत येते आणि सारवलेल्या जमिनीवर कवडसा पडतो. फट वेडीवाकडी असते. तरी कवडसा गोल का? लहानपणी मला कोणी हा प्रश्न विचारला नाही आणि मीही विचारला नाही. त्याचे उत्तर असे, की कवडसा हे फटीचे चित्र नसते, ते सूर्याचे चित्र असते. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण होते. आपल्याकडे ते खंडग्रास दिसले. त्या वेळी अंगणात फणसाच्या पानांखाली ज्यांचे लक्ष गेले असेल, त्यांनी शेकडो कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे झालेले पाहिले असतील. सूर्याचा लचका तुटला, तसा प्रत्येक कवडशाचाही तुटला. सुमारे हजार वर्षांपूर्वी अरब विद्वान इब्न अल्-हैथम याने ग्रहणातील या आकारांवर प्रबंध लिहिला होता.

तेव्हा अंधारी पेटी आणि तिला एक बारीक भोक, इतका कॅमेरा निसर्गानेच करून ठेवला आहे. अडचण एवढीच, की भोक बारीक असले तर चित्र रेखीव पण अंधुक येते. मोठे केले तर उजेड पुष्कळ मिळतो, पण चित्र पसरट होते. भिंग बसविले म्हणजे भोक मोठे ठेवूनही चित्र रेखीव येते. भिंगाचे काम ते इतकेच.

मीठ आणि चांदी

चित्र पडले, पण ते टिकवावयाचे कसे? फ्रान्समध्ये निएप्स यांनी १८२० नंतरच्या दशकात खिडकीबाहेरचे दृश्य प्रथम टिकविले. १८३९ साली डागेर यांची कृती जगापुढे आली. पण कागदावरच्या छायाचित्राचे श्रेय इंग्लंडातील टॅलबट यांचे, आणि त्यांचे साहित्य ऐकून माझ्या गावच्या माणसाला घरच्यासारखे वाटेल. कारण ते होते मीठ. साधा कागद मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवावयाचा, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा हात फिरवावयाचा. मीठ आणि चांदी मिळून कागदात जो क्षार तयार होतो, तो उजेडात काळा पडतो. जेथे ऊन लागले तेथे काळे, जेथे सावली तेथे पांढरे. ते आणखी काळे पडू नये म्हणून टॅलबट यांनी प्रथम पुन्हा मिठाचेच दाट पाणी वापरले. पुढे जॉन हर्शेल यांनी 'हायपो' सुचविला, आणि तो अजून चालतो. उजेडाच्या जागी काळे दाखविणारे हे उलटे चित्र म्हणजे निगेटिव्ह. त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढता येतात, ही टॅलबट यांची खरी देणगी.

आमच्या आरोंद्याजवळच शिरोड्याची मिठागरे आहेत. १९३० साली तेथे मिठाचा सत्याग्रह झाला, हे आपणांस ठाऊकच आहे. मिठागरात ऊन समुद्राचे पाणी आटवून मीठ करते. टॅलबटच्या कागदावर तेच ऊन मिठाचे चित्र करते. मिठागरातल्या मजुरांच्या मजुरीसाठी हिंडताना हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर त्या पांढऱ्या ढिगांकडे मी एकदा तरी निराळ्या नजरेने पाहिले असते.

ही विद्या आपल्याकडे फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या पहिल्या एतद्देशीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. नारायण दाजींची छायाचित्रे त्या काळी प्रदर्शनात मांडली गेली. भाऊ दाजींचा जन्म पेडणे तालुक्यातील मांद्र्याचा. किरणपाण्याच्या धक्क्यावर उभे राहिले, म्हणजे तेरेखोल नदीच्या पलीकडे जो मुलूख दिसतो तो पेडण्याचाच. कॅमेरा ही शहरातल्या सुखवस्तू माणसांची चैन, आपली नव्हे, असे मी पुष्कळ वर्षे मानीत होतो. नदीपलीकडच्या घराण्यातील माणसाने तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाती धरला होता, हे वाचले तेव्हा मला माझ्या अडाणीपणाची लाज वाटली.

कळशीचा हिशेब

आता उजेडाचे माप. पुष्कळ लोक येथे घाबरतात, पण हा हिशेब नळावर कळशी भरणाऱ्या कोणालाही येतो. नळ पूर्ण सोडला तर कळशी लवकर भरते. बारीक सोडला तर वेळ लागतो. पाणी मात्र दोन्हीकडे सारखेच. भिंगामागचे लहानमोठे होणारे भोक हा नळ. त्याला ॲपर्चर म्हणतात. शटर किती वेळ उघडे राहते हा कळशी नळाखाली धरण्याचा वेळ. आणि फिल्मचा वेग म्हणजे भांड्याचा आकार: १०० क्रमांकाची फिल्म ही कळशी, तर ४०० ची हा तिच्या चौथाई पाण्यात भरणारा तांब्या. कमी भरले तर चित्र काळे, ओतू गेले तर पांढरे फटक.

ॲपर्चरचे आकडे ८, ११, १६ असे असतात आणि आकडा वाढला की भोक लहान होते. हे उलटे वाटते. पण तो भागाकाराचा आकडा आहे. पावापेक्षा अष्टमांश लहान, तसेच हे. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. जुन्या लोकांचा एक नियम पाठ करून ठेवावा: स्वच्छ उन्हात ॲपर्चर १६, आणि शटरचा वेग फिल्मच्या क्रमांकाइतका. म्हणजे १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. आभाळ भरून आले की भोक दोन पायऱ्या मोठे करावे, ८ वर आणावे. आपल्या खिशातला मोबाइल हाच हिशेब क्षणात करतो. तो करतो म्हणून आपल्याला कळू नये, असे मात्र नाही. वजनकाटा दुकानदाराचा असला तरी वजने आपल्याला ओळखता यावीत, हे कामगाराला मी नेहमीच सांगत आलो.

हातांचे फोटो

आता त्या मुलाकडे वळतो. पंचविशीच्या आत मी संघटनेच्या कामाला लागलो. आमच्या भागात काजूचे कारखाने आहेत आणि त्यांत कामाला बहुतेक बायका. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळणारे असते. बिया फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा गोडे तेल लावतात, तरी बोटांची साले निघतात, आणि ती भरून येण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीची पाटी समोर असते. मजुरी किलोवर, हात थांबला की मजुरी थांबली.

एका कारखान्यातील बायकांची तक्रार आम्ही सुनावणीला नेली. पुरावा म्हणून मी स्टुडिओवाल्या मित्राचा चांगला कॅमेरा उसना घेतला आणि अकरा बायकांच्या हातांचे फोटो काढले. चेहरे मुद्दामच घेतले नाहीत. चेहरा दिसला असता तर दुसऱ्या दिवशी काम गेले असते. सुनावणीत फोटो फिरले. समोरच्या पक्षाने एकच वाक्य उच्चारले: "हे हात कोणाचेही असू शकतील." प्रकरण तेथेच पडले. हातमोजे मिळावयाला पुढे दोन वर्षे आणि दुसरा संप लागला.

पुढे मला लुई हाइन यांची हकीकत वाचावयास मिळाली. हे अमेरिकेतले शाळामास्तर. १९०८ पासून बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या समितीसाठी ते गिरण्या-खाणींतून हिंडले. आत शिरण्यासाठी कधी यंत्रतपासनीस होत, कधी बायबल विकणारे. मुलांची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मापीत आणि खिशातल्या खिशात टिपून घेत. ते प्रत्येक मुलाचा चेहरा घेत, आणि कळेल तेथे नाव, वय, काम लिहून ठेवीत. त्यांच्या चित्रांनी लोकमत हलले. तरी देशभर टिकणारा कायदा होण्यास १९३८ साल उजाडले. आपल्याकडे सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची काढलेली छायाचित्रे अशीच माणसांच्या डोळ्यांत पाहणारी आहेत. मी चेहरे घेतले नाहीत ते त्या बायकांना जपण्यासाठी, आणि त्या वेळी ते योग्यच होते असे मी आजही मानतो. पण एक सवय तेथे लागली, ती सुटली नाही. त्यानंतरचे माझे सारे फोटो मोर्चाचे, आणि तेही टेम्पोच्या टपावरून काढलेले. माणसे मोजता यावीत एवढाच त्यांचा उपयोग. मोबाइल आल्यावर संख्या वाढली, नजर तीच राहिली. ट्रंक उघडली त्या दिवशी मी माझ्या मोबाइलमधले चार हजारांवर फोटो चाळले. पत्नीचा एकटीचा एकही फोटो त्यांत नव्हता.

किरणपाण्यावर

जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशीची जाळी धरली होती. कोकणच्या दमट हवेत हे ठरलेलेच. भिंग पुसले. फिल्म मुंबईहून मागविली. ती परदेशांतल्या काही कंपन्या अजून तयार करतात. आपली सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स १९६० साली उटीला स्थापन झाली आणि 'इंदू' नावाची फिल्म काढीत असे. ती बंद पडली. ज्या कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या इंजिनियराने १९७५ साली फिल्मवाचून चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा बनविला, त्याच कंपनीवर २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. शोध चांगलाच होता. पण फिल्म बनविणारे, धुणारे, निगेटिव्हवर बारीक कुंचला फिरविणारे किती हात त्यामुळे रिकामे झाले, याचा हिशेब कामगाराने तरी विसरू नये.

असो. रोळ भरला आणि पहाटे किरणपाण्याच्या धक्क्यावर गेलो. सुकती लागली होती. नदीचे पात्र उघडे पडत होते आणि गुडघाभर चिखलात बायका मुळे-तिसऱ्या काढीत होत्या. पलीकडच्या काठावर खारफुटीतून ऊन वर येत होते. तासाभरात मी बाराही फोटो संपविले.

फिल्म घरीच न्हाणीघरात धुतली. उघडी फिल्म लाल दिवाही सोसत नाही, म्हणून पूर्ण काळोखात चाचपडत ती टाकीत भरावी लागते. औषधाला पाणी वीस अंशांचे हवे, आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच अठ्ठावीस-तीस अंशांचे. माठही फार गार करीत नाही, कारण दमट हवेत पाणी झिरपून उडत नाही. शेवटी बर्फाचा खडा टाकला. निगेटिव्ह दोरीवर वाळत घातली आणि उजेडाकडे धरून पाहिली. बारांपैकी तीन पार काळ्या. उरलेल्या नवांत नदी होती, काठ होता, आणि लांबवर मुंगीएवढ्या बायका. तीस वर्षे मोर्चाचे फोटो काढणाऱ्याने नदीचाही मोर्चाच काढला होता.

दुसऱ्या रोळाला मी एक नियम केला: एका दिवशी एकच फोटो. बारा दिवस पहाटे धक्क्यावर जावयाचे, त्या बायकांपासून आठ-दहा फुटांवर बसावयाचे, आणि त्यांनी स्वतः होऊन बोलल्याशिवाय कॅमेरा उचलावयाचा नाही. पहिले दोन दिवस त्यांनी मला रेशनकार्डाच्या कामाचे विचारले. तिसऱ्या दिवशी एकीने विचारले, "आज सभा नाय?" पाचव्या दिवशी त्या मला विसरल्या आणि आपसांत हसू लागल्या. पायाच्या अंगठ्याने चिखलातली शिंपली कशी ओळखतात, पाठीला रग लागली की कमरेवर हात कसा टेकतात, हे मी जन्मभर त्याच नदीकाठी राहून त्या आठवड्यात प्रथम पाहिले. मी त्यांच्यापैकी काहींची संघटनेत नोंद केली होती. वर्गणीची पावती फाडताना मी पावतीकडे पाहत असे.

एक फोटो

त्या अकरा जणींपैकी एक बाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे गेलो. म्हटले, "काकी, एक फोटो काढू?" त्यांनी सवयीने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. मला काही बोलवेना. मग त्यांनीच माझ्याकडे पाहिले, हात मागे घेतले आणि म्हणाल्या, "हातांचो तेवा काढलंस मा? आता तोंडाचो काढ. हातांवरसून माका कोण वळाखतलो?"

ज्या वाक्याने आमचे प्रकरण पडले होते, तेच वाक्य त्या माऊलीने तीस वर्षांनी मला दुसऱ्या अंगाने ऐकविले. त्या सुनावणीत आत बसलेल्या नव्हत्या. त्यांना ते ठाऊकही नव्हते. क्लिक-थ्रीला आठ-दहा फुटांच्या आतले स्पष्ट दिसत नाही, म्हणून मी अंगणात मागे सरत तुळशीपर्यंत गेलो. त्यामुळे चित्रात त्यांचा पडवीचा खांब आला, मागे टांगलेली सुपे आली, आणि मधोमध त्या आल्या, ताठ बसलेल्या. प्रत करून नेऊन दिली. त्यांनी ती पुष्कळ वेळ न्याहाळली आणि देवाच्या तसबिरीशेजारी ठेवावयास सुनेकडे दिली.

त्या दिवशी घरी परतताना माझे 'जवळजवळ' संपले. सोमवारी सकाळी मी कोण असेन, याचे उत्तर मिळाले असे मी म्हणत नाही. पण तीस वर्षांत करावयाचे राहिलेले एक काम दिसले, आणि ते चिटणीसाच्या खुर्चीवरून होण्यासारखे नव्हते. त्या खुर्चीसाठी काजू कारखान्यातल्याच एका बाईंची मुलगी तयार आहे. कायदा शिकते आहे, माझ्यापेक्षा नीट बोलते, आणि मी उठण्याची ती सभ्यपणे वाट पाहत आहे. पुढारी उठत नाहीत म्हणून चळवळी म्हाताऱ्या होतात, हे मी दुसऱ्यांविषयी पुष्कळ वेळा बोललो आहे.

वयाची शंका

या वयात काय शिकणार, असे कोणी म्हणेल. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाई १८१५ साली कलकत्त्यास जन्मल्या. त्यांना पहिला कॅमेरा मिळाला तो १८६३ च्या डिसेंबरात, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेकीने भेट दिलेला. त्यापुढच्या बारा-तेरा वर्षांत त्यांनी काढलेले चेहरे आज जगभर पाहिले जातात. उलट उदाहरणही द्यावयास हवे. आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याचा सारा काळ टिपला आणि १९७० साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, कॅमेरा खाली ठेवला. २०१२ साली त्या वारल्या. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी तो पुन्हा हाती घेतला नाही. एकीने उशिरा धरला, दुसरीने वेळेवर सोडला. दोघींनीही आपले आठ तास आपल्या मर्जीने वापरले, आणि मला त्यातच अर्थ वाटतो.

मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. मी येथे निवृत्तीच्या गोष्टी करतो. त्या काकी सत्तरीच्या पुढेही दारात बसून काजूगराची साल काढून देतात. २०१४ साली भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन महिना एक हजार रुपये ठरविण्यात आले. एक हजारात कोणाचे तिसरे आठ तास मोकळे होतात? ज्यांच्या नावाची कोठेच नोंद नाही, त्यांना तेही नाहीत. म्हणून फुरसतीची गोडी कळल्यावर माझी मागणी सौम्य झालेली नाही. पूर्वी मी न चाखलेली वस्तू लोकांसाठी मागत होतो. आता ती काय असते हे ठाऊक आहे.

काही व्यवहाराच्या सूचना

ज्या श्रोत्यांच्या घरी असा कॅमेरा असेल, किंवा नुसता मोबाइल असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. पहिली: एक जागा आणि एक वेळ ठरवावी, आणि महिनाभर तेथेच जावे. रोज नवे ठिकाण शोधणाऱ्याला काहीच दिसत नाही. दुसरी: विचारल्यावाचून कोणाचा फोटो काढू नये, आणि काढल्यास कागदावरची प्रत त्याला नेऊन द्यावी. तिसरी: प्रतीच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहावी. आपल्या घराघरांतील पेट्यांत आजे-पणजे आहेत, आणि तो डावीकडचा कोण, हे सांगणारे शेवटचे माणूस बहुधा घरातच खाटेवर आहे. आज जाऊन त्याला विचारा. चौथी गोष्ट कोकणापुरती: कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. दाण्यांचा रंग पालटला की त्यांनी ओल पुरेपूर प्याली असे समजावे. ते टाकाऊ तव्यावर तापविले की पुन्हा कामाला येतात. स्वयंपाकाचा तवा मात्र घेऊ नये.

बाबांच्या "बाराच आसत" या बोलण्याचा अर्थ मी तेव्हा काटकसर असा घेतला होता. संप फसून गावी आलेल्या माणसाच्या तोंडी तो शोभतही होता. आता वाटते, की हातात किती उरले आहे हे ठाऊक असले म्हणजे माणूस नीट पाहू लागतो, एवढेच कदाचित त्यांना सांगावयाचे असेल. त्यांचा स्वतःचा फोटो त्या कॅमेऱ्याने मी कधी काढला नाही. ती संधी गेली. पत्नीचा मात्र गेल्या आठवड्यात काढला. तिने आधी तारीख विचारून घेतली, तिसऱ्या आठ तासांतला हा पहिला दिवस म्हणून.